केदारताल: चौथ्या रात्री तलावाकाठी मुक्काम, हा बेत जमेल का?

घाटवाट

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहाजण पुण्याहून केदारतालला, म्हणजे गंगोत्रीच्या वरच्या हिमालयातल्या तलावाला, निघतोय. वयं २८ ते ५२. सह्याद्रीत सगळ्यांची बारमाही भटकंती आहे, नळीची वाट, अलंग-मदन-कुलंग वगैरे झालंय. हिमालयात मात्र ३,५०० मीटरच्या वर कुणीच मुक्काम केलेला नाही.

बेत असा: पहिल्या दिवशी हरिद्वारहून थेट गंगोत्री, दुसऱ्या दिवशी भोजखरक, तिसऱ्या दिवशी केदारखरक, चौथ्या दिवशी तलाव आणि तिथेच तंबू, पाचव्या दिवशी एकदम खाली गंगोत्री. घरून निघून घरी यायला नऊ दिवस आहेत.

एवढ्या दिवसांत बसेल का? उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यावी का? आणि स्पायडर वॉल म्हणतात तो टप्पा नेमका किती अवघड आहे?

---

हिमवाट

हा बेत बदला. पायांत दम आहे यात शंका नाही, पण विरळ हवेशी त्याचा संबंध नाही. उलट दमदार माणूस भराभर चढतो आणि म्हणूनच आधी आजारी पडतो.

आकडे मांडून बघा. हरिद्वार साधारण ३०० मीटर, गंगोत्री ३,१००, भोजखरक ३,८००, केदारखरक ४,२५०, तलाव ४,७५०. म्हणजे चार रात्रींत झोपायची उंची साडेचार हजार मीटरने वाढतेय. तलावाकाठी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५६ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू जवळपास निम्माच. रक्त आणि श्वसन याला सरावतात, पण त्याला दिवस लागतात. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा सर्वमान्य नियम आहे. दिवसा कितीही वर जाऊन या, मोजायचं ते रात्री डोकं कुठे टेकलं ते.

माझ्या मते असं करा. पहिला मुक्काम उत्तरकाशी (१,१५० मीटर), दुसरा हर्सिल (सुमारे २,६००). तिसऱ्या दिवशी दुपारी गंगोत्री. चौथ्या दिवशी मुक्काम गंगोत्रीलाच, पण लोळत पडायचं नाही: केदारतालच्याच वाटेने तीनेकशे मीटर वर चढून परत यायचं. पाचव्या दिवशी भोजखरक. ही उडी ७०० मीटरची आहे आणि मधल्या चढावर मुक्कामाजोगी जागा नाही, म्हणून इथे दोन रात्री काढा. सातव्या दिवशी केदारखरक. आठव्या दिवशी पहाटे निघून तलाव, आणि दुपारपर्यंत परत केदारखरक. नवव्या दिवशी गंगोत्री. शिवाय हवामानासाठी एक दिवस राखीव.

नऊ दिवसांत प्रवासासकट हे बसत नाही. चौदा दिवसांची रजा मिळत असेल तर जा.

---

हवापाणी

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. डायमॉक्सबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. त्याने श्वास जोरात आणि नियमित चालतो, त्यामुळे शरीर सरावायची क्रिया लवकर होते. चुकीचा बेत त्याने बरोबर होत नाही. प्रतिबंधाचा नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, उंचीवर जायच्या आदल्या दिवसापासून. तुमच्या बाबतीत हर्सिलला निघायच्या आदल्या संध्याकाळपासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, हे अपेक्षित आहे. ५२ वयाच्या सदस्यांनी रक्तदाब आणि ईसीजी आधीच बघून घ्यावा. पहिली गोळी घरी असतानाच एकदा घेऊन बघा, अंगावर काय येतं ते गंगोत्रीत कळण्यापेक्षा पुण्यात कळलेलं बरं.

आता लक्षणं. डोकेदुखी आणि जोडीला मळमळ, भूक मेलेली, चक्कर किंवा न जाणारा थकवा, एवढं झालं की उंचीचा त्रास सुरू झाला असं धरा. कुणीतरी ‘पित्त झालंय’ म्हणेल, ते मानू नका. त्या दिवशी वर जायचं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल किंवा वाढलं असेल तर खाली.

दोन गोष्टींत सकाळची वाट बघायची नाही. पहिली, मेंदूला सूज. ओळखायची सोपी रीत: जमिनीवर दोरी आडवी टाका आणि माणसाला तिच्यावरून एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत दहा पावलं चालायला सांगा. तोल जाऊन पाऊल बाहेर पडलं, असंबद्ध बोलला, बुटाची नाडी बांधता येईना, तर त्याच क्षणी खाली. दुसरी, फुप्फुसात पाणी. बसल्या जागी धाप, ओठ-नखं निळसर, छातीत खरखर, पुढे गुलाबी फेस. दोन्हींत इलाज एकच, निदान ५०० ते १,००० मीटर उतरवणं. डेक्सामेथासोन (मेंदूच्या सुजेसाठी) आणि निफेडिपिन (फुप्फुसातल्या पाण्यासाठी) डॉक्टरांकडून लिहून घेऊन पेटीत ठेवा, पण ती उतरायला वेळ मिळावा म्हणून आहेत, वर थांबायला नाहीत. एकट्याला कधी खाली पाठवू नका. जिल्हा रुग्णालय उत्तरकाशीला, गंगोत्रीपासून सुमारे १०० किलोमीटर, हे डोक्यात ठेवून निर्णय घ्या.

झोपेची गोळी आणि दारू दोन्ही वर्ज्य. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर न्या, पण गार बोटावर तो वाटेल तो आकडा दाखवतो. बोट पाच मिनिटं काखेत ऊबदार करून मगच लावा.

---

घाटवाट

दोघांचेही आभार. रजा वाढवून चौदा दिवस करतोय. तलावाकाठी राहायचंच नाही हे मनाला पटायला थोडं जड जातंय. पहाटे थलय सागर शिखराचं पाण्यातलं प्रतिबिंब बघायचं होतं. वाटेबद्दल कुणी सांगेल का?

---

मोरेनवरचा

प्रतिबिंबासाठी तिथे झोपायची गरज नाही. केदारखरक ते तलाव साधारण पाच किलोमीटर, तीन ते चार तास. पहाटे साडेचारला हेडटॉर्च लावून निघालात तर आठ-साडेआठला पोचता, तेव्हा पाणी सहसा स्थिर असतं. थलय सागर (६,९०४ मीटर) आणि भृगुपंथ (६,७७२) समोर उभे असतात. ऊन चढलं की वारा सुटतो, पाण्यावर तरंग आणि शिखरावर ढग. साडेदहा ही परतायची शेवटची वेळ ठरवा, मग तलाव शंभर पावलांवर का असेना.

काठावर रात्री कुणाला त्रास झाला तर अंधारात मोरेनवरून उतरवावं लागेल. मोरेन म्हणजे हिमनदीने आणून टाकलेले दगड, काही टेबलाएवढे, काही मुठीएवढे, आणि त्यातले निम्मे पायाखाली हलणारे. तिथून आजारी माणूस रात्री उतरवणं सहाजणांच्या आवाक्यातलं नाही.

आता खालून वर. गंगोत्रीतून केदारगंगेच्या कडेने वाट सुरुवातीपासून खडी आहे, भूर्जाच्या जंगलातून. भोजखरकपर्यंत आठेक किलोमीटर, पाच ते सात तास. पाण्याची हमी नाही, प्रत्येकाने दोन लिटर भरूनच निघा. स्पायडर वॉल भोजखरकच्या अलीकडे येते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खोल खाली केदारगंगेची घळ, आणि मधे पाय आडवा टाकत जायची चिंचोळी पट्टी. नळीची वाट केलेल्यांना हा कातळटप्पा तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. फरक इतकाच की पाठीवर बारा किलो आहेत आणि धाप लागलेली आहे. पिशवीला बाहेर मॅट आडवी बांधू नका, ती कातळाला अडकून माणसाला दरीकडे ढकलते. उभी बांधा. ३० मीटर दोर, प्रत्येकी एक स्लिंग (पट्ट्याचा फास) आणि कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) न्या. कातळ ओला असेल तर लाजू नका, दोर लावा.

खरा धोका पुढे आहे, भोजखरक ते केदारखरकच्या मधल्या घसाऱ्यांवर, म्हणजे सुट्या दगडांच्या उतारांवर. रात्री गोठलेलं पाणी दगडांना धरून ठेवतं, ऊन लागलं की ते सुटतात. म्हणून हे पट्टे सकाळी लवकर ओलांडायचे, हेल्मेट घालून, एकेकाने, मधे न थांबता. एकाने सुरक्षित जागी उभं राहून फक्त वर बघत राहायचं आणि दगड सुटला की ओरडायचं. फोटो पलीकडे गेल्यावर. ओढ्यांचंही तेच गणित: सकाळी घोट्याइतकं पाणी, दुपारी बर्फ वितळून मांडीपर्यंत. परतीच्या दिवशीही केदारखरक सहाच्या आत सोडा.

स्थानिक वाटाड्या घ्याच. घसारा दर पावसाळ्यात वाट बदलतो आणि यंदाची वाट त्याच्याच पायाखालची असते.

---

चूलबंद

खाण्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

केदारखरकला पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर उकळा, दाणा दाणाच राहतो. एकतर तीन लिटरचा कुकर न्या, किंवा शिजवायची गरजच नसलेलं न्या. भाजलेले पातळ पोहे, सातूचं पीठ, मेतकूट आणि आधी शिजवून वाळवलेला तांदूळ, भाजणीचं उकड होईल इतकं पीठ, तूप. वर भूक मरते, तेव्हा गोडापेक्षा आंबट-खारट घशाखाली उतरतं: लिंबाचं लोणचं, आमसुलाचं सार. पाणी दिवसाला चार लिटर, लघवी फिकट पिवळी राहील इतकं.

गॅसचा डबा रेल्वेत आणि विमानात नेता येत नाही, ऋषिकेश किंवा उत्तरकाशीत घ्या. साधा ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायूच होत नाही, डबा भरलेला असून शेगडी विझते. प्रोपेन-आयसोब्युटेनचं मिश्रण मागून घ्या आणि रात्री डबा स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी ठेवा. टॉर्चच्या बॅटऱ्या आणि पाणी गाळायचा फिल्टरही तिथेच. फिल्टर एकदा गोठला की आतल्या सूक्ष्म नळ्या फुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. तंबूतली बाटली उलटी ठेवा, बर्फ पाण्याच्या वरच्या थरात आधी धरतो, म्हणजे सकाळी बूच मोकळं राहतं.

स्लीपिंग बॅग उणे दहा अंशांच्या ‘कम्फर्ट’ आकड्याची. ‘लिमिट’ किंवा ‘एक्स्ट्रीम’ आकडा बघून घेऊ नका, ‘लिमिट’ला अंग आखडून कशीबशी झोप लागते आणि ‘एक्स्ट्रीम’ तर फक्त जीव वाचायचा आकडा आहे. अंगाला सुती काही नको, घामाने भिजलेला सुती बनियन वाळत नाही.

---

हिमवाट

परवान्याचं राहिलं. हा भाग गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात येतो, परवाना उत्तरकाशीच्या वन विभागाकडून. ओळखपत्राच्या प्रती आणि डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र प्रत्येकी दोन ठेवा. उत्तरकाशीत पहिला मुक्काम सांगितला तो यासाठीही उपयोगी पडतो. दोर, हेल्मेट तिथे भाड्याने मिळतात, पण बूट मात्र घरून, निदान शंभर किलोमीटर चाललेले.

आणि भोजखरकच्या दुसऱ्या सकाळी सहापैकी दोघांचं डोकं दुखत असेल तर सगळ्यांनी उतरा. हाताशी दिवस उरतील. गंगोत्रीत एक-दोन रात्री थांबा, डोकेदुखी पूर्ण थांबली आणि गोमुखचा वेगळा परवाना मिळाला तर त्या वाटेवरच्या चिरबासापर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येता येतं.