एका खुर्चीने भागणार नाही

नाशिकच्या कर्णबधिर शाळेत विश्वस्त मंडळावर एक कर्णबधिर सदस्य घेतला की पुरे, हे मत पटत नाही. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांसाठीच्या विद्यापीठात १९८८ साली विद्यार्थ्यांनी कर्णबधिर अध्यक्षाबरोबरच मंडळात ५१ टक्के कर्णबधिर सदस्य मागितले होते. बहुमत नसेल तर ठराव अडतो, आणि खरी अडचण तीच.

बैठकीत सांकेतिक भाषेचे दोन दुभाषे हवेत, साधारण वीस मिनिटांनी आलटून पालटून. एकटा दुभाषा थकला की अर्थ निसटतो. दुभाष्यामागे खिडकी नको, हात आणि चेहरा अंधारात जातात. दुभाषा बोलणाऱ्याच्या वाक्यभर मागे असतो, म्हणून मतदानाआधी थांबा. नाहीतर कर्णबधिर सदस्याचा हात उशिरा वर येतो आणि ‘मत दिलं नाही’ अशी नोंद होते! विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायला विसरू नका.