मीन स्ट्रीकचे स्टील व्हेन्जन्स: दुरुस्ती की नवी राइड?

प्रश्न: अमेरिकेतील ओहायोमधील सीडर पॉइंट या मनोरंजन उद्यानात १९९१ साली सुरू झालेल्या 'मीन स्ट्रीक' या लाकडी रोलर कोस्टरचे २०१८ मध्ये 'स्टील व्हेन्जन्स' झाले. त्यास जुन्याची दुरुस्ती म्हणावे काय?

उत्तर १: सांगाड्यात जुने लाकूड बरेच आहे, परंतु रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कोस्टर बांधणाऱ्या कंपनीने लाकडी थरांच्या रुळाऐवजी पोलादी रूळ बसवल्यामुळे ९० अंशांची उतरण आणि गाडी चार वेळा उलटी होणे शक्य झाले. उंचीही १६१ फुटांवरून २०५ फुटांवर गेली. माझ्या मते ही नवीच राइड आहे.

उत्तर २: सहमत आहे. जुन्या राइडचे हादरे (आणि त्याबद्दलच्या तक्रारी) प्रसिद्धच होते.

उत्तर ३: वेग ताशी ७४ मैलांवर गेला हे मान्य; तथापि लाकडी कोस्टरच्या यादीत तिला ठेवू नये, ती संकरित (लाकडी सांगाडा, पोलादी रूळ) आहे.