बेसबॉल बघणारे मराठी लोक: तुमची टीम तुमची कशी झाली? (अनुभव धागा)

पिट्सबर्ग (धागा सुरू करतेय)

मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या घरच्या डोहाळजेवणात, सगळीकडे क्रिकेटवर बोलणारे ढीगभर भेटतात, पण बेसबॉल मनापासून बघणारं मराठी माणूस भेटलं की मला फार म्हणजे फार आनंद होतो. म्हणून हा धागा. कोणती टीम भारी यावर वाद नकोत, मला हे वाचायचंय की तुमची टीम तुमची कशी झाली आणि रोजच्या रोज तुम्ही तिच्यासोबत कसे राहता. रोज म्हणजे खरंच रोज हो, मार्चच्या शेवटापासून सप्टेंबर संपेपर्यंत १६२ मॅचेस. क्रिकेटचा वर्ल्ड कप चार वर्षांनी येतो, हे रोज संध्याकाळी भाजी चिरताना बाजूला चालू असतं. ज्या टीमच्या साध्या मंगळवारच्या मॅचेस तुम्ही बघता ती तुमची टीम, असं मला वाटतं.

माझी पायरेट्स. आम्ही इथे आलो तेव्हा टीम वर्षानुवर्षं हरत होती, १९९३ ते २०१२ सलग वीस सीझन हरण्याचे, अमेरिकेतल्या कुठल्याच प्रो टीमने इतकी वर्षं सलग असं बघितलेलं नाही. तरी लोक जायचे. मॅचच्या दिवशी क्लेमेंटे ब्रिज गाड्यांना बंद असतो, आख्ख्या पिवळ्या पुलावरून माणसं चालत जातात, खाली नदी, समोर स्टेडियम. ज्याचं नाव पुलाला दिलंय तो रोबेर्तो क्लेमेंटे पोर्तो रिकोचा, अठरा सीझन इथेच खेळला, बरोब्बर ३००० हिट्स झाले आणि ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाणारं विमान समुद्रात पडून गेला. स्टेडियमची उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे कारण त्याचा नंबर २१. मला हे शेजारच्या आजींनी सांगितलं, त्यांनी त्याला खेळताना बघितलेलं, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलला. तिथपासून मी बघायला लागले.

१ ऑक्टोबर २०१३ ची वाइल्ड कार्डची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीतली (प्लेऑफमधली) पहिली मॅच मी टीव्हीवर बघितली. सगळं स्टेडियम काळ्या कपड्यात, सिनसिनाटीचा पिचर (आपला बोलर) क्वेटो, चाळीस हजार लोक त्याचं नाव लांबवून लांबवून ओरडतायत, त्याच्या हातातून बॉल निसटला आणि लगेच आमच्या रसेल मार्टिनने होम रन (आपला सिक्सर) मारला. आमच्या गल्लीत लोक घरातून बाहेर आले होते. २०१५ नंतर परत प्लेऑफ नाही. २०२५ मध्ये आमच्या पॉल स्कीन्सला सर्वोत्तम पिचरचं साय यंग अवॉर्ड मिळालं, सीझनभराचा इआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या रनांची सरासरी, १.९७, आणि तरी त्याच्या नावावर दहा विजय, दहा पराभव. एवढं अप्रतिम पिचिंग करून निम्म्या वेळा हरायचं, कारण आमचे बॅटर रन काढत नाहीत. पण तो ज्या दिवशी पिच करणार असतो त्या दिवशी मी दुसरं काही ठरवत नाही.

तुम्ही लिहा.

शिकागो, साउथ साइड

शिकागो म्हटलं की सगळे कब्स म्हणतात, त्यांनी १०८ वर्षांनी २०१६ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची फायनल सिरीज, जिंकली ते सगळ्यांना पाठ असतं. आमच्या व्हाइट सॉक्सने २००५ ला ८८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, ह्यूस्टनला ४-० धुतलं, ते शहराबाहेर फार कुणाच्या लक्षातच नाही. मला त्याचं वाईट वाटतं, अजून वाटतं.

पण मला लिहायचंय ते २०२४ बद्दल. ४१ जिंकल्या, १२१ हरल्या. आधुनिक बेसबॉलमध्ये एका सीझनमध्ये इतके पराभव कुणाचेच नाहीत. मधे सलग २१ मॅचेस हरलो. मी रोज रेडिओ लावायचो. ऑफिसात विचारायचे की अरे कशाला ऐकतोस, आणि मला उत्तर देता यायचं पण त्यांना पटायचं नाही. हरणाऱ्या टीममध्ये पण कुणीतरी पोरगा खालच्या लीगमधून पहिल्यांदा वर आलेला असतो, त्याचे आईवडील स्टँडमध्ये बसलेले असतात, त्याचा पहिला हिट लागतो आणि तो बॉल जपून ठेवायला डगआउटमध्ये पाठवतात. ते १२१ पराभवांच्या वर्षीसुद्धा झालंच की. २०२५ ला ६० जिंकल्या, १०२ हरल्या, आम्ही त्यातही खूश होतो. आणि नवे पोप लिओ आमचे फॅन निघाले, २००५ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या मॅचला ते स्टँडमध्ये बसलेले टीव्हीवर दिसले होते, ही बातमी आली त्या दिवशी आमच्या भागात सणासारखं वातावरण होतं.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

ताई धागा काढलात बरं झालं, मला हे कुठेतरी लिहायचंच होतं.

माझी टीम ओकलंडची ए'ज. होती म्हणू की आहे म्हणू मला अजून ठरवता येत नाही. १९६८ ला टीम कॅन्सस सिटीहून ओकलंडला आली, ५७ सीझन खेळली, १९७२, ७३, ७४ सलग तीन वर्ल्ड सिरीज आणि मग १९८९ ची, जिच्यात तिसऱ्या मॅचच्या आधी भूकंप झाला. मी आलो तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं. मी नवा, एकटा, रूममेट रात्रपाळीला, शनिवारी करायचं काय तर बार्टमध्ये (इथली लोकल) बसून कोलिझियम स्टेशन. स्टेशनवरून लांबलचक पूल ओलांडून स्टेडियममध्ये शिरायचं, पुलावर पाण्याच्या बाटल्या आणि शेंगदाणे विकणारे. स्टेडियम म्हणजे नुसतं काँक्रीट, कुणीही सुंदर म्हणणार नाही असं, पण तिकीट स्वस्त आणि राइट फील्डच्या मागे ड्रम वाजवणारी मंडळी. मला नियम येत नव्हते तेव्हा त्या ड्रमवाल्यांमधल्या एका काकांनी, म्हणजे मेक्सिकन होते, साठीचे असतील, मला स्कोअर कार्ड भरायला शिकवलं. प्रत्येक फील्डरच्या जागेला नंबर, कॅचर म्हणजे २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, शॉर्टस्टॉप ६, डबल प्ले (एकाच बॉलवर दोन आउट) झाला की बॉल ज्यांच्या हातातून गेला ते ६-४-३ असं लिहायचं. अजूनही मी मॅच बघताना पेन्सिल घेऊन बसतो.

त्यांच्याकडूनच ४ सप्टेंबर २००२ ऐकलं. सलग विसावा विजय, ११-० अशी आघाडी, मग कॅन्सस सिटीने ११-११ केले, आणि नवव्या इनिंगमध्ये हॅटबर्गचा होम रन. ते सांगताना ते काका उभे राहायचे, दर वेळी.

मग टीम जाणार जाणार सुरू झालं. १३ जून २०२३ ला फॅन्सनी उलटा बहिष्कार केला, म्हणजे घरी न बसता मुद्दाम सगळ्यांनी यायचं, रिकाम्या खुर्च्यांचं कारण कुणाला मिळू द्यायचं नाही. २७,७५९ लोक आले, हिरवे शर्ट, त्यावर मालकासाठी 'सेल' (विका) एवढाच एक शब्द, आणि मॅच आम्ही २-१ जिंकलो. मला त्या रात्री खरंच वाटलं की आता काहीतरी होईल. नाही झालं. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधली शेवटची मॅच, टेक्ससला ३-२ हरवलं. मॅच संपल्यावर मॅनेजर कॉट्से माइक घेऊन मैदानात आले, लोकांचे आभार मानले आणि शेवटचं लेट्स गो ओकलंड त्यांनीच सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. कुणी हललं नाही कितीतरी वेळ. माझ्या शेजारी एक बाई तिच्या वडिलांचा फोटो घेऊन आली होती, तो मैदानाकडे तोंड करून धरला होता.

आता टीम वेस्ट सॅक्रामेंटोच्या छोट्या स्टेडियममध्ये खेळते, नावात शहरच नाही, नुसतं अ‍ॅथलेटिक्स, पुढे लास वेगास. माझ्या घरापासून गाडीने फार लांब नाही तरी मी गेलो नाही. लोक म्हणतात खेळाडू तेच आहेत ना. खेळाडू तर नेहमीच बदलत होते हो, आमच्याकडे तर चांगला खेळला की गेलाच दुसऱ्या टीमला, त्याची सवय होती. तो पूल आणि ते ड्रम आणि ते स्टेशन हीच टीम होती.

हिरोशिमा

फ्रीमाँटवाले दादा, वाचून गलबलून आलं. तुमच्यासाठी माझ्या टीमची गोष्ट लिहितो.

मी पुण्याचा, गाड्यांच्या कामासाठी हिरोशिमात आलो. इथली टीम कार्प. अणुबाँबनंतर जेमतेम चार वर्षांनी, १९४९ ला स्थापन झाली, मागे मोठी कंपनी नाही, १९५१ ला पैसे संपले आणि टीम बंद होणार अशी वेळ आली. तेव्हा स्टेडियमच्या बाहेर लाकडी पिंपं ठेवली आणि ज्यांची स्वतःची घरं धड उभी नव्हती त्या लोकांनी त्यात पैसे टाकले. टीम वाचली. पहिली लीग जिंकायला १९७५ उजाडलं. माझ्या ऑफिसमधले सिनियर सांगतात की त्यांच्या आजोबांनी त्या पिंपात पैसे टाकलेत, आणि ते हे असं सांगतात की जणू टीममध्ये घराण्याचा हिस्सा आहे. मला ते खरंच वाटतं.

इथे मॅच बघणं अमेरिकेपेक्षा वेगळं. आपली बॅटिंग असली की सगळे उभे, प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं, ट्रम्पेट, ढोल, एक जण बसला की शेजारचा उठतो अशी लाट. समोरच्यांची बॅटिंग असताना तो आवाज त्यांचा, आपण गप्प बसायचं. ढोलताशा पथकात वाजवलेल्या माणसाला तिथे परकं वाटूच शकत नाही. कुरोदा नावाचा पिचर अमेरिकेतला प्रचंड पैसा सोडून २०१५ ला परत इथे आला, आणि पुढच्या वर्षी २५ वर्षांनी लीग जिंकली. त्याचा १५ नंबर आता कुणाला देत नाहीत.

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना

आमच्याकडे मेजर लीग टीमच नाही. पण डरहम बुल्स आहे, ट्रिपल ए, म्हणजे मेजरच्या एक पायरी खाली. मुलांना घेऊन जायला याच्यासारखं दुसरं काही नाही. भिंतीवर मोठा बैल आहे, होम रन झाला की त्याचे डोळे लाल होतात, नाकातून धूर येतो आणि शेपटी हलते. बॅटरने बैलाला बॉल मारला तर स्टेक मिळतो आणि खालच्या गवताला लागला तर सॅलड. माझा मुलगा शाकाहारी, तो दर मॅचला गवतासाठी ओरडतो.

मला आवडतं ते हे की आज इथे कुंपणाजवळ सही देणारा पोरगा पुढच्या आठवड्यात टॅम्पाच्या टीममधून टीव्हीवर दिसतो. मुलांना वाटतं आपल्या घरातलंच कुणीतरी मोठं झालं.

सिएटल

मी बेसबॉल बघायच्या आधी ऐकला. रोजचा ट्रॅफिक, गाडीत रेडिओ आणि डेव्ह नीहाउसचा आवाज. लहानपणी आजोबांसोबत मराठी कॉमेंट्री ऐकलेली असल्यामुळे मला बॉल न दिसता दिसायची सवय होती. १९७७ ला मरिनर्स सुरू झाली तेव्हापासून नीहाउस बोलत होते, २०१० च्या नोव्हेंबरमध्ये गेले. पुढे आम्ही २१ वर्षांनी प्लेऑफला पोचलो, २०२२ ला, कॅल रॅलीच्या होम रनने, तेव्हा पहिला विचार त्यांचाच आला.

वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेली एकमेव टीम आमची. २००१ ला ११६ मॅचेस जिंकूनही नाही. आणि २०२५ ला कॅल रॅलीचे ६० होम रन, वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या सिरीजमध्ये सातव्या, शेवटच्या मॅचपर्यंत गेलो, आठ आउट बाकी असताना टोरोंटोच्या स्प्रिंगरने तीन रनांचा होम रन मारला. ४-३. त्याच्याबद्दल आत्ता यापेक्षा जास्त लिहवत नाही.

नेरूळ, आधी टोरोंटो

सिएटलकर, तो होम रन मी नेरूळच्या घरात उभा राहून ओरडून साजरा केला, आणि पुढे आमचं काय झालं ते तुम्हाला माहितीये.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार, भारतात सकाळी साडेपाच. वर्ल्ड सिरीजची सातवी, शेवटची मॅच, समोर लॉस एंजेलिस डॉजर्स. बायको झोपलेली, मी ब्लू जेजची टोपी घालून सोफ्यावर. आमच्या बिशेटने त्यांच्या ओहतानीला होम रन मारला, ३-०. १९९३ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकणार असं वाटलं, मला डोळ्यासमोर टोरोंटोचे रस्ते दिसायला लागले, माझे तिथले मित्र, युनियन स्टेशनवरून स्टेडियमला चालत जाणारी गर्दी. नवव्या इनिंगमध्ये ४-३ पुढे, दोन आउट हवे होते, आणि डॉजर्सच्या रोहासने होम रन मारून बरोबरी केली. मग आमच्या बॅटिंगला बेसेस भरलेले, किनर-फलेफा होम प्लेटवर अगदी थोडक्यात आउट. अकराव्यात त्यांच्या विल स्मिथचा होम रन, ५-४, आणि शेवटी आमच्या कर्कची बॅट तुटून डबल प्ले. सकाळचे पावणेदहा वाजले होते. मी बोललोच नाही कुणाशी दुपारपर्यंत.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या घरापासून जवळच, डी. वाय. पाटीलला, आपल्या मुलींची वर्ल्ड कप फायनल. पाऊस, उशिरा सुरू, शफालीचे ८७, दीप्तीच्या पाच विकेट, मध्यरात्र उलटून गेल्यावर हरमनने तो शेवटचा कॅच घेतला, ५२ रननी जिंकलो. फटाके आमच्या खिडकीतून दिसत होते, सांगलीच्या स्मृतीला रडताना बघून आई पण रडली. मी पण रडलो आणि मला ठाऊक आहे की त्यात सकाळचं पण होतं. एका विजयाने दुसरा पराभव भरून निघत नाही, दोन्ही आपापल्या जागी राहिले.

पिट्सबर्ग

सगळ्यांचं वाचतेय, थांबू नका. फ्रीमाँट, एक विचारायचं राहिलं, ते स्कोअर कार्ड शिकवणारे काका आता कुठे जातात मॅच बघायला?

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

ते वेस्ट ओकलंडला रायमंडी पार्कला जातात ताई. ओकलंड बॉलर्स म्हणून टीम २०२४ पासून खेळते, मेजर लीगशी काही संबंध नाही, पायोनियर लीगमधली छोटी टीम, आणि फॅन्सनी स्वतः पैसे घालून तिच्यात हिस्सा घेतलाय, हिरोशिमाचं वाचताना मला तेच आठवत होतं. २०२५ ला त्यांनी लीग जिंकली सुद्धा. काकांचा मेसेज आला होता, ये म्हणून. पुढच्या सीझनला जाणार आहे, पेन्सिल घेऊन.