चवथीची सफरचंदं आणि गॅसवरचा सॉस: तुमच्या घरी कसा करता?

मंडळी, गणेशाची चवथ झाली. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळांची सजावट, उतरवून फळं शेजारीपाजारी वाटली, तरी आल्यागेल्यांनी आणलेल्या पिशव्या टेबलावर तशाच आहेत, आणि त्यांत सगळ्यात जास्त काय, तर सफरचंदं. हिमाचलचा हंगाम नेमका याच दिवसांत भरात असतो, पाठोपाठ काश्मीरचा माल येतो. पण एवढा लांबचा प्रवास करून म्हापशाच्या बाजारात पोचलेलं फळ आपल्या दमट हवेत लवकर पिठूळ होतं. चावून खाण्यात मजा राहत नाही आणि टाकवतही नाही. अशा फळाचं सॉसमध्ये सोनं होतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा. तुम्ही कसा करता, कशाबरोबर खाता, सविस्तर लिहा.

सुरुवात मीच करते. किलोभर सफरचंदं सोलून, बियांचा गाभा काढून, सारख्या आकाराच्या फोडी करायच्या. आकार सारखा नसेल तर लहान फोडींचा लगदा होतो आणि मोठ्या मधे कच्च्या राहतात. जाड बुडाच्या स्टीलच्या टोपात फोडी, पाव वाटी पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस. अॅल्युमिनियमचं किंवा लोखंडाचं भांडं नको, फळातल्या आंबटपणामुळे सॉसला धातूची चव येते. झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. मधे दोनदा ढवळायचं, बस. पाणी कमी वाटलं तरी हात आखडता घ्या, फळाला स्वतःचं पाणी भरपूर सुटतं.

झालं कसं ओळखायचं? आधी फोडींच्या कडा काचेसारख्या होतात, मग डाव टेकवला की फोड आपणहून बसते. त्यानंतर झाकण काढून जरा आटवायचं. डाव टोपाच्या तळाशी ओढला की वाट पडते. ती लगेच भरून आली तर अजून पाणी आहे, क्षणभर तशीच राहिली तर गॅस बंद. थंड झाल्यावर सॉस आणखी घट्ट होतो, तेव्हा पातळ वाटतो तेवढ्यावरच थांबा.

आणि एक कळकळीचं सांगणं. साखरेचा डबा उघडण्याआधी चमचाभर सॉस जिभेवर ठेवून बघा. रॉयल डेलिशियस मुळातच गोड असतं, त्याला साखर नको, उलट थोडा आंबटपणा घालावा लागतो. आणि साखर हवीच असेल तर शेवटी घाला. सुरुवातीला घातली की फोडी घट्ट राहतात, लवकर विरघळत नाहीत.

मडगाव

मी सालं काढत नाही. कोमट पाण्यात हाताने चोळून धुते, म्हणजे वरचं मेण जातं, आणि लाल सालीसकट शिजवते. साल आणि गाभ्याजवळचा भाग यांत पेक्टिन जास्त असतं, त्यामुळे सॉसला आपसूक दाटपणा येतो. शिजल्यावर पुरणाच्या चाळणीतून काढायचं. सालं वर राहतात, खाली पडतो तो फिकट गुलाबी सॉस. तो रंग बघितला की पुन्हा कोणी सोलत बसणार नाही. मिक्सरला मात्र लावू नका, सालीचे बारीक तुकडे राहतात आणि दाताखाली येतात. बिया आधीच काढायच्या, हे सांगायला नकोच.

फोंडा

आमचं कुळागर आहे, सुपारीच्या खाली जायफळाची झाडं. घरचं जायफळ असताना सॉसमध्ये दुसरा मसाला मला सुचत नाही. पण ते केव्हा घालायचं याला महत्त्व आहे. उकळत्या सॉसमध्ये घातलं तर वास वाफेबरोबर निघून जातो. गॅस बंद करायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि मग किसणीवर तीन-चार वेळा फिरवायचं, टोपाच्या वरच. दालचिनीचं उलट. तिचा तुकडा पहिल्यापासून फोडींबरोबर टाकायचा आणि शेवटी काढून घ्यायचा. दालचिनीची पूड घातली की सॉस काळपट होतो, आणि चवीत फळ मागे पडतं.

आंबटपणासाठी लिंबाऐवजी मी एक सोल टाकते. कोकम म्हणजे आमच्या दाराशीच. सोल शिजताना टाकायचं आणि पाचेक मिनिटांत काढायचं. वर मडगावच्या ताईंनी गुलाबी रंग म्हटलाय, तो सोलानेही येतो. फक्त मीठ लावलेली सोलं असतील तर आधी धुऊन घ्या.

म्हापसा

एवढा वेळ कोण उभं राहणार? कुकरला एक शिट्टी दिली की झालं.

पर्वरी, धागा काढणारी

म्हापसेकर, तेवढं करू नका, मनापासून सांगते. सफरचंदाचा गर शिजताना फेसाळतो आणि वर येतो. तो शिट्टीच्या नळीत अडकला तर वाफेला वाट राहत नाही. बऱ्याच कुकरच्या माहितीपुस्तिकेत सफरचंदाचा सॉस थेट कुकरमध्ये करू नये असं लिहिलेलं असतं. घाईच असेल तर फोडी डब्यात घाला, झाकण ठेवा, आणि डाळ-भात लावतो तसा तो डबा खाली पाणी ठेवून आत ठेवा. फोडी वाफेवर छान मऊ होतात. मग टोपात काढून पाच मिनिटं आटवा.

वास्को

लेकीला सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं खाणं सुरू केलं, तेव्हा पेजेनंतर हाच पदार्थ दिला. बाळासाठी करताना फक्त फळ आणि पाणी. साखर नाही, मीठ नाही, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. सासूबाईंना वाटायचं, बिनसाखरेचं लेकरू खाईल कसं? तिने वाटी चाटून पुसून खाल्ली, तेव्हापासून त्याच करून देतात. गाळणीतून काढलेला सॉस आधी थोडा पातळ ठेवायचा, मग हळूहळू दाट करत जायचं. आता ती मोठी झाली आहे, तिला फोडी जाणवणारा सॉस आवडतो, म्हणून मी रवीने चारच घुसळे देते.

साळगाव

आमच्या शेजारच्या आंटीचे यजमान तारवटी, बोटीवर कूक होते. नाताळात त्यांच्याकडे पोर्कचं रोस्ट होतं आणि शेजारी छोट्या बोलमध्ये हा सॉस असतो. आम्ही पोर्क खात नाही, पण आंटी सॉस वेगळा काढून आमच्याकडे पाठवते, तसा मी तो शिकले. त्यांचा सॉस तुमच्या सगळ्यांहून निराळा. हिरवी आंबट सफरचंदं, साखर जेमतेम, आणि शेवटी लहान चमचाभर माडाच्या सुरेचं व्हिनेगर. काका सांगतात, चरबीच्या मांसाबरोबर गोड सॉस खाल्ला तर दोन घासांत जीव भरतो, आंबट असला की तोंड मोकळं होतं. आमच्याकडे तोच सॉस बटाट्याच्या कापांबरोबर खातात. रव्यात घोळवून तळलेली कुरकुरीत कापं आणि हा थंडगार आंबट सॉस. एकदा करून बघाच.

काकांची आणखी एक सूचना: सॉस दाट झाला की बुडबुडे फुटून उडतात. हा गर चिकट आणि उकळता असतो, मनगटावर पडला तर लगेच निसटत नाही, चांगलंच भाजतं. आटवताना लांब दांड्याचा डाव घ्या, झाकण तिरकं ठेवा आणि मुलांना ओट्यापासून लांब.

पेडणे

माडाचा गूळ! कोणीच कसा लिहिला नाही? आपल्या बाजारात मिळणारी ती काळपट ढेप. किलोभर फळाला लिंबाएवढा खडा, चिरून, अगदी शेवटी. उसाच्या गुळापेक्षा त्याला एक खमंग वास असतो, आणि सफरचंदाच्या गोडाखाली तो बरोबर बसतो. रंग तपकिरी होतो, त्याची तयारी ठेवा. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, आला की गरम पोई (कोंड्याचा पाव) मधे फाडायची, आत लोणी, वर हा सॉस. पोईच्या कोंड्याला आणि गुळाला एकमेकांची चव लागते. आमच्या घरी जॅमची बाटली आणणं बंद झालं ते यामुळे.

डिचोली

श्रावणात घरात अंडं येत नाही आणि मुलांचे वाढदिवस नेमके श्रावणात. त्यामुळे माझ्यासाठी हा सॉस म्हणजे केकचं साहित्य. एका अंड्याऐवजी पाव कप. सॉस बिनसाखरेचा, गुळगुळीत आणि पूर्ण थंड हवा. गरम घातला तर बेकिंग पावडर ओव्हनमध्ये जाण्याआधीच काम करून मोकळी होते. तेलसुद्धा निम्मं कमी करून त्या जागी सॉस चालतो. केक ओलसर होतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, पण अंड्याच्या केकसारखा हलका फुलत नाही. दोनहून जास्त अंडी लागणाऱ्या कृतीत मी हे करत नाही, गच्च होतो. चॉकलेटच्या केकमध्ये सफरचंद ओळखूही येत नाही, मसाल्याच्या केकमध्ये मात्र छान जाणवतं.

वाळपई

काजूच्या बोंडूंचा असा सॉस होईल का? एप्रिलमध्ये बागेत सडा पडतो.

पर्वरी, धागा काढणारी

होईल, पण हीच रीत चालणार नाही. बोंडूत टॅनिन असतं, त्याने घसा धरतो, आणि चोथाही जास्त. आधी मिठाच्या पाण्यात ठेवून वाफवावे लागतात, मग चाळणीतून काढायचे. त्यासाठी एप्रिलमध्ये वेगळा धागा काढू.

काणकोण

बाबांचे दात काढल्यानंतर महिनाभर घन काही चावता येत नव्हतं. पेज, खिमट, सूप, सगळ्याचा त्यांना कंटाळा आला होता. आयुष्यभर बागायतीत राबलेला माणूस, जेवणानंतर फळ हवंच. सफरचंद किसून दिलं तर हिरड्यांना टोचायचं. म्हणून हा सॉस. मधुमेह असल्यामुळे वरून साखर कधीच घातली नाही, आणि फळाची स्वतःची साखर असतेच म्हणून वाटीही लहानच ठेवली. वर वेलचीचे दोन दाणे कुटून. संध्याकाळी सोप्यावर बसून ते सावकाश खायचे, आणि बाजारात गोल्डन डेलिशियस आलं का, ते स्वतःहून विचारायचे. पिवळ्या सालीचं ते फळ लवकर मऊ होतं आणि सॉस अगदी रेशमी होतो. आता दात बसवलेत, तरी त्यांना सॉसच लागतो. अशा खाण्यातून माणसाचा मान राखला जातो, असं मला वाटतं. घरात वृद्ध किंवा आजारी कोणी असेल तर जरूर करा.

म्हापसा

डब्यात ठेवून केला, छान झाला. आता टिकवायचा कसा ते सांगा. बाटलीत भरून बाहेर ठेवला तर?

पर्वरी, धागा काढणारी

बाहेर नको. नुसता गरम भरून झाकण लावलेला सॉस आपल्या हवेत बुरशी धरतो. बाहेर ठेवायचाच तर नीट झाकणं बसणाऱ्या बाटल्या, गरम सॉस आणि वर पाणी येईल इतक्या उकळत्या पाण्यात बाटल्या बुडवून, अर्ध्या लिटरला १५ मिनिटं, लिटरला २०. तेवढं सगळ्यांच्याने होत नाही. फ्रीजमध्ये कोरड्या काचेच्या बरणीत आठवडाभर राहतो, रोज कोरडाच चमचा घालायचा. त्याहून जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून, वड्या पिशवीत भरून फ्रीजरला. डबा गोठवणार असाल तर वर बोटभर जागा सोडा, गोठताना सॉस फुगतो. पावसात वीज बराच वेळ गेली आणि वड्या पूर्ण वितळून कोमट झाल्या, तर त्या परत गोठवू नका. नुसत्या मऊ झाल्या असतील, अजून गार असतील, तर उकळून त्याच दिवशी संपवा.