एकट्या ज्येष्ठांसाठीच्या उपक्रमाला नागपुरात निधी कोठून मिळू शकेल?

मानेवाडाकर
नमस्कार. आमच्या ले-आउटमधील काही रहिवासी मिळून आम्ही एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी मंदिराच्या सभागृहात आठवड्यातून दोनदा बैठक भरवतो. सभागृह विनामूल्य मिळते आणि चहाचा खर्च वर्गणीतून भागतो. मात्र ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, किंवा जोडीदाराच्या निधनानंतर ज्यांनी दारच उघडणे कमी केले आहे, ते बैठकीला येतच नाहीत, आणि खरी गरज त्यांचीच आहे. त्यांच्या घरी जाऊन बोलणारी, त्यांना ऑटोने आणणारी व परत पोहोचवणारी एक व्यक्ती मानधनावर नेमावी, असा विचार आहे. शिवाय पारा 45 अंशांकडे सरकला की कूलरशिवाय सभागृहात बसणे अशक्य होते. आमचा गट नोंदणीकृत नाही. महापालिका, आमदार निधी की कंपन्या, कोणाकडे मागावे?

निवृत्त लेखापाल
आपल्या मागणीत दोन निराळे खर्च आहेत, ते आधी वेगळे करावेत. कूलर, रॅम्प, कठडे, स्वच्छतागृहाची दुरुस्ती हा एकदाच होणारा खर्च आहे. मानधन आणि ऑटोभाडे दर महिन्याला लागणार. आमदार व खासदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो, त्यातून मानधन मिळत नाही. महापालिकेच्या झोन कार्यालयात आणि समाजविकास विभागात विरंगुळा केंद्राची मागणी जरूर नोंदवावी, पण जागा मिळाली म्हणजे दाराबाहेर न पडणारी माणसे आपोआप येतील, असे मला वाटत नाही.

कंपनी अधिनियम 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेपलीकडील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि अनुसूची सातमध्ये ज्येष्ठांसाठीच्या दिवसा-देखभाल केंद्रांचा स्पष्ट उल्लेख आहे. पण हा निधी (सीएसआर) घेणाऱ्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 नोंदणी लागते, आणि त्याआधी प्राप्तिकर खात्याकडील 12ए (संस्थेला करमाफी) व 80जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदण्या. वेस्टर्न कोलफिल्ड्स (कोळसा) आणि मॉईल (मँगनीज) या खाण कंपन्यांची मुख्यालये नागपुरात आहेत खरी, तथापि कायदा कंपनीच्या कार्यक्षेत्राजवळच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो, त्यामुळे खाणींभोवतीच्या गावांचा हक्क आधी येतो. पहिल्याच वर्षी त्यावर विसंबू नये.

मानेवाडाकर
नोंदणीला लागणारा वेळ पाहता दुसरा मार्ग आहे का?

वस्तीकर
आहे. आपल्या परिसरातील ज्येष्ठ नागरिक मंडळ बहुधा आधीच नोंदणीकृत असेल आणि कदाचित फेस्कॉम या ज्येष्ठ नागरिक संघांच्या राज्य महासंघाशी संलग्नही असेल. त्यांच्या कार्यकारिणीच्या ठरावाने आपला उपक्रम त्यांच्या नावाखाली, पण स्वतंत्र खातेवहीसह चालवावा. पैसे कोणाच्या सहीने निघतील, हे ठरावातच लिहून घ्यावे; पुढचे वाद बहुतेक तेथूनच सुरू होतात.

मासिक खर्चासाठी परगावी गेलेल्या मुलांना लिहावे, असे मी आग्रहाने सुचवेन. आईकडे दर गुरुवारी कोणीतरी जाऊन अर्धा तास बसते, हे कळल्यावर ते नियमित रक्कम पाठवतात. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी योगदान ठरत नाही. परंतु ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे, त्याची देणगी 2010 च्या विदेशी योगदान कायद्याखाली येते आणि संस्थेकडे तशी नोंदणी नसेल तर ती स्वीकारता येत नाही. म्हणून प्रत्येक देणगीदाराचे नागरिकत्व आधीच विचारून नोंदवावे.

निवृत्त लेखापाल
वस्तीकर यांच्याशी पूर्ण सहमत. एक भर घालतो. बैठकीला न येणाऱ्यांपैकी काहींना नीट ऐकू येत नसते आणि चारचौघांत पुन्हा पुन्हा विचारण्याचा संकोच त्यांना घरी बसवतो. त्यांच्यासाठी 2017 पासूनची केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना पाहावी. दारिद्र्यरेषेखालील किंवा मासिक 15,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या, 60 वर्षांवरील व्यक्तींना त्यातून श्रवणयंत्र, काठी, चाकाची खुर्ची विनामूल्य मिळते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील पात्र व्यक्तीच्या खात्यात एकदाच 3,000 रुपये जमा होतात. हे पैसे संस्थेला मिळत नाहीत, पण अर्ज भरून देणे हेच आपल्या मानधनी कार्यकर्त्याचे पहिले काम असू शकेल, कारण त्या निमित्ताने दार उघडते. 14567 हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांकही त्या कार्यकर्त्याने प्रत्येक घरी मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा.

मानेवाडाकर
मनःपूर्वक आभार. मंडळाच्या अध्यक्षांची भेट घेऊन ठरावाचा विषय मांडतो. कूलर आणि रॅम्पचे अंदाजपत्रक वेगळे करून आमदारांकडे देऊ, आणि मानधनाची रक्कम मुलांच्या देणग्यांतून उभी राहते का, ते पाहू. असा ठराव पूर्वी कोणी केला असल्यास त्याचा मसुदा कृपया येथे द्यावा.