कुलाब्याला लोकल जायची?

ए-१०४: एक फॉरवर्ड आलाय. कुलाबा स्टेशन १९४४ च्या गोदीतल्या स्फोटात उडालं, म्हणून लोकल चर्चगेटला संपते म्हणे. ३०३ वाले काका, तुम्ही वेस्टर्न रेल्वेत होतात ना, खरं का हे?

सी-३०३: साफ खोटं. तो स्फोट १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये झाला. तोवर कुलाबा बंद होऊन तेरा वर्षं उलटली होती. शेवटची गाडी ३१ डिसेंबर १९३० ला.

बी-२०१: म्हणजे चर्चगेट मधलं स्टेशन होतं??

सी-३०३: होय ताई. बीबीसीआय, म्हणजे आजची वेस्टर्न. त्यांचं टर्मिनस कुलाब्याला, १८७३ पासून. १८९६ मध्ये मोठी इमारत बांधली. मेल गाड्यासुद्धा तिथूनच सुटायच्या. शेजारी कापसाचा बाजार होता, तो पुढे शिवडीकडे हलला. हार्बर लाइनचं कॉटन ग्रीन स्टेशन त्याच भागात.

डी-४०१: एवढं चालतं स्टेशन बंद कशाला केलं?

सी-३०३: जागेसाठी, दुसरं काय! तेव्हा चर्चगेटच्या पुढचे रूळ समुद्राला लागून होते. तिथल्या समुद्रात, बॅकबेत, भरणी सुरू झाली, तसे ते जुनं शहर आणि नवी जमीन यांच्या मधोमध आले. सरकारला ती पट्टी मोकळी हवी होती. मग लांबच्या गाड्यांसाठी मुंबई सेंट्रल बांधलं. क्लॉड बॅटलींचा आराखडा, एकवीस महिन्यांत काम पुरं, डिसेंबर १९३० मध्ये उद्घाटन. त्याच महिनाअखेरीस कुलाब्याला कुलूप.

सी-३०३: आणि गंमत बघा, ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा–बोरिवली विजेवर सुरू केली होती. तीन वर्षंही झाली नाहीत, तोवर टोकाचा तुकडा तोडला. आपल्याकडे रस्ता केला की महिन्याभरात खणतात, ती परंपरा जुनीच दिसते 😄

ए-१०४: 😂 आता तिथे काय आहे?

सी-३०३: बधवार पार्क, रेल्वे अधिकाऱ्यांची कॉलनी.

डी-४०१: २६/११ ला अतिरेकी उतरले त्या कोळीवाड्याजवळ ना?

सी-३०३: तेच.

ई-१०२: माझं ऑफिस कफ परेडला. लोकल राहिली असती तर चर्चगेटला बसच्या रांगेत आयुष्य गेलं नसतं. चूकच केली त्यांनी.

सी-३०३: मेल गाड्या हलवल्या ते बरोबर, तिथे यार्ड वाढवायला जागा कुठून आणणार? पण लोकल ठेवायला हवी होती, असं माझंही मत आहे. त्या टोकाला पुन्हा गाडी जायला २०२५ उजाडलं, मेट्रो ३ मुळे, तीही जमिनीखालून.

बी-२०१: काका, हे सगळं ए विंगच्या ग्रुपवर टाका ना. तो फॉरवर्ड तिथूनच फिरतोय.

सी-३०३: तुम्हीच टाका. तिथून मी गेल्या गणपतीतच बाहेर पडलो.