फॅन्टसीपटांचं संगीत: अंगावर काटा शंभर वादकांमुळे येतो की एका धुनेमुळे?

मंद्रसप्तक

तलवारी, ड्रॅगन आणि हजारोंची सैन्यं असलेल्या चित्रपटांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: "काय तो ऑर्केस्ट्रा, अंगावर काटा आला!" काटा येतो, मान्य. पण त्याचं श्रेय ऑर्केस्ट्राच्या आकाराला देणं म्हणजे लग्नाच्या पंगतीचं श्रेय पातेल्याला देण्यासारखं आहे.

उदाहरण एकच घेतो, बहुतेकांनी पाहिलेलं. संगीतकार हॉवर्ड शोरचं तीन भागांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'साठीचं संगीत (२००१ ते २००३). पहिल्या भागात नऊ सोबत्यांची धून कशी येते ते बघा. फ्रोडो आणि सॅम शेतातून घर सोडून निघतात तेव्हा तिचा नुसता तुकडा. गँडाल्फ आयझेनगार्डकडे दौडतो तेव्हा आणखी थोडी. पूर्ण धून ऐकायला मिळते ती एलरॉन्डच्या सभेत नऊ जण जमल्यावर, म्हणजे चित्रपट सुरू होऊन सुमारे दीड तास झाल्यावर. मोरियाच्या पुलावर ती पूर्ण ताकदीनं वाजते, गँडाल्फ कोसळतो, आणि त्यानंतर पहिल्या भागात ती त्या थाटात परत येत नाही. प्रेक्षकाला हे कुणी सांगितलेलं नसतं, तरी काहीतरी मोडलंय हे त्याला कळतं. हे काम हिशेबाचं आहे, वादकसंख्येचं नाही.

आकाराचा हिशेबही करून टाकू. १६ व्हायोलिनवादकांच्या जागी ३२ बसवले तर आवाज वाढतो ३ डेसिबल. कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे १६० व्हायोलिन. एवढी माणसं बसवण्यापेक्षा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर सरकवणं स्वस्त पडतं.

पितळी

डेसिबलचं गणित बरोबर, निष्कर्ष चुकीचा. मोठा विभाग मोठ्या आवाजासाठी बसवतच नाहीत. १६ जण एकच स्वर वाजवतात तेव्हा प्रत्येकाचा स्वर काही सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) इकडेतिकडे असतो, कंपाचा वेग वेगळा, गज तारेला टेकण्याचा क्षण वेगळा. या बारीक विसंवादातून तो मखमली पोत तयार होतो. एकाच व्हायोलिनचा आवाज १६ पट केला तर एक कर्कश व्हायोलिन मिळतं, विभाग मिळत नाही. साठ तंतुवादक अगदी हळू वाजवतात ना, तेव्हा आकाराचं खरं मोल कळतं.

अशा चित्रपटासाठी लागणारी रचना साधारण अशी असते: पहिली व्हायोलिन १६, दुसरी १४, व्हायोला १२, चेलो १०, डबल बास ८. हे झाले ६०. लाकडी सुषिर वाद्यं प्रत्येकी तीन, फ्रेंच हॉर्न ६ ते ८, ट्रम्पेट ४, ट्रॉम्बोन ४, ट्यूबा १, तालवाद्यांना चार-पाच जण, हार्प एक किंवा दोन. वर कोरस वेगळा.

हॉर्नचं तर गणितच निराळं. त्याचं तोंड मागे वळलेलं, त्यामुळे बराचसा आवाज मागच्या भिंतीवर आपटून ऐकणाऱ्यापर्यंत येतो. म्हणून तो 'लांबून' आल्यासारखा भासतो, आणि म्हणूनच डोंगर, पूर्वज, हरवलेलं राज्य असं काही दाखवायचं असलं की रचनाकार हॉर्नकडे धावतो. शिवाय पितळी वाद्य जोरात फुंकलं की आवाज नुसता वाढत नाही, त्याची जातच बदलते: वरचे स्वरांश उसळून येतात, धार येते. हळू वाजवलेला हॉर्न फेडरनं वर नेलात तर फक्त मोठ्या आवाजातला हळू हॉर्न ऐकू येईल.

तिसऱ्या भागात डोंगरामागून डोंगरावर इशाऱ्याच्या आगी पेटत जातात तो प्रसंग १२ वादकांत वाजवून दाखवा, मग बोलू.

माउसक्लिक

दोघंही २००१ सालात अडकलात. आजच्या सॅम्पल लायब्रऱ्यांत (संगणकावर वाजवायला मुद्रित केलेले खऱ्या वाद्यांचे स्वर) हळू, मध्यम, जोरात असे थर वेगवेगळे ध्वनिमुद्रित असतात, कीबोर्डवरचं मॉड्युलेशन व्हील फिरवलं की एकातून दुसऱ्यात जाता येतं. 'हळू हॉर्न मोठा केला' ही तक्रार जुनी झाली.

कमी खर्चात आजकाल होतं ते असं: सगळं संगीत आधी संगणकावर उभं करायचं. मग चार व्हायोलिन, दोन चेलो आणि एखादं सोलो वाद्य खरं वाजवून घ्यायचं, आणि ते सॅम्पलच्या वर थोडंसं पुढे ठेवून मिसळायचं. कान पुढचा खरा गज पकडतो आणि मागचे पन्नासही खरे मानतो. फसतं ते तीन ठिकाणी. एक, एकच सॅम्पल लागोपाठ वाजलं की मशिनगनसारखा टकटकाट होतो. त्यासाठी प्रत्येक स्वराची तीन-चार वेगळी मुद्रणं आळीपाळीनं वापरावी लागतात. दोन, स्वरावरून स्वरावर घसरत जाणं. संथ धुनेत ते हमखास उघडं पडतं. तीन, सगळे स्वर ग्रिडवर, म्हणजे मात्रांच्या आखीव रेघांवर, चिकटवले की श्वास संपतो, म्हणून सुरुवाती हातानं मागेपुढे कराव्या लागतात.

आणि तसंही आपल्याकडे मोठा वाद्यवृंद लाइव्ह बसवायची परंपरा होती कुठे?

गोवेंकर

शेवटच्या वाक्यावर थांबा. परंपरा नव्हती? जुन्या हिंदी चित्रपटांतली ती व्हायोलिनची लाट वाजवली कुणी आणि लिहिली कुणी? गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना स्टाफ नोटेशन आणि व्हायोलिन शिकवत, तिथून निघालेले वादक मुंबईच्या स्टुडिओंत भरले. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनसाठी केलेलं संयोजन ऐका. गायकाच्या दोन ओळींमध्ये तंतुवाद्यं जी प्रतिधून वाजवतात, ती लिहिलेली असायची, जागेवर सुचलेली नाही. अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, यादी मोठी आहे. श्रेयनामावलीत मोठं नाव संगीतकाराचं, संयोजक तळाला किंवा गायब. असो, हा वेगळ्या धाग्याचा विषय.

आलापी

पितळींच्या पोताशी सहमत, पण मुद्दा अर्धाच आला. या संगीतात आपल्याला हलवतं ते बरेचदा षड्ज हलणं. रागसंगीताच्या कानाला तानपुऱ्याचा सा म्हणजे जमीन. इथे जमीनच सरकते. सी मेजर कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) थेट ए फ्लॅट मेजरवर गेलात तर सी हा स्वर दोन्हींत आहे, पण आधी तो सा होता, आता तोच शुद्ध गंधार झाला. स्वर तिथेच, घर बदललं. जादूचं दार उघडणं, पहिल्यांदा दिसणारं शहर, अशा जागी ही चाल सर्रास सापडते. दोन्ही कॉर्ड मायनर घेतल्या आणि अंतर तेवढंच ठेवलं की तीच युक्ती भयाण होते. जर्मन संगीतकार वाग्नरनं 'रिंग' या ऑपेरांच्या नाट्यचक्रात अदृश्य करणाऱ्या शिरस्त्राणासाठी, टार्नहेल्मसाठी, हीच जोडी वापरली आहे. ते चक्र १८७६ मध्ये बायरॉइटला पूर्ण सादर झालं.

दुसरं, शोरच्या संगीतात जी जागा लक्षात राहते ती बऱ्याचदा पूर्ण ऑर्केस्ट्राची नसतेच. लोथलोरिएनच्या एल्फांसाठी त्यानं सारंगी घेतली आहे, आपली सारंगी. रोहानच्या घोडेस्वारांसाठी नॉर्वेचं हार्डेंगर फिडल, ज्याला वाजवायच्या चार तारांखाली चार-पाच तरफा असतात. म्हणजे दोन्हीकडे न छेडलेल्या तारांचा झंकार. आता साठ व्हायोलिनांतून तरफेचा तो झंकार काढून दाखवा.

माउसक्लिक

@आलापी, शोरनं आयझेनगार्डच्या, म्हणजे शत्रूच्या गडाच्या, धुनेला पाच मात्रा दिल्यात, त्यांबद्दल काय? पाश्चात्त्य श्रोत्याला ५/४ लंगडं आणि धोक्याचं वाटतं म्हणे. झपताल ऐकून वाढलेल्याला काय धोका वाटणार?

आलापी

झपतालात दहा मात्रा दोन-तीन-दोन-तीन अशा वाटलेल्या असतात, खाली असते, समेवर येण्याचा दिलासा असतो. आयझेनगार्डच्या धुनेत लोखंडी पत्रे आणि ढोल पाचाचा ठोका यंत्रासारखा रेटत राहतात, कुणी समेची वाट बघतच नाही. पाच मात्रा सारख्या असल्या म्हणून चाल सारखी होत नाही. हातोडीचा हा वापरही जुनाच: वाग्नरनं 'रिंग'मधल्याच 'राइनगोल्ड'मध्ये बुटक्यांच्या भट्टीसाठी १८ ऐरणी लिहून ठेवल्यात.

खुर्ची क्र. १२

संगीतवाल्यांनो, तुम्ही पडदा विसरलात. मोरियातून बाहेर पडल्यावरचा प्रसंग आठवा. गँडाल्फ गेला, बाकीचे खडकांवर कोसळून रडतायत. तिथे रडवतं काय? आवाजाच्या मिक्सिंगमध्ये वारा, पावलं, रडणं जवळजवळ काढून टाकलंय. उरतो एक एकटा गळा आणि मागे कोरस. आधीची दहा मिनिटं ढोल, किंकाळ्या, दगड कोसळण्याचे आवाज होते, म्हणून ही पोकळी लागते. हे श्रेय मिक्सिंगच्या टेबलाचं.

उलट बाजूही सांगतो. या प्रकारातले बहुसंख्य चित्रपट पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत संगीतानं लिंपलेले असतात. नायकानं दार उघडलं तरी कोरस. प्रेक्षकाला काय वाटायला हवं हे आधीच सांगून टाकायचं. खापर फक्त संगीतकारावर फोडू नये. संकलन चालू असताना दिग्दर्शक दुसऱ्याच चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावून ठेवतो, महिनोन्‌महिने तेच ऐकतो, त्याच्या ठेक्यावर काटछाट होते, आणि मग संगीतकाराला सांगितलं जातं: "असंच, पण वेगळं." म्हणून ते ढोल आणि भराभर वाजणाऱ्या छोट्या स्वरांची तंतुवाद्यांची घरघर सगळीकडे एकसारखी.

संगीतकार रामिन जावादीनं 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेच्या सहाव्या पर्वाच्या शेवटच्या भागात (२०१६) काय केलं? प्रार्थनास्थळ उडवण्याआधीचा लांबलचक प्रसंग, आणि सुरुवात साध्या पियानोनं. मालिकेच्या संगीतात पियानो तोवर नव्हताच, म्हणून पहिल्या चार स्वरांतच पोटात गोळा. वादक किती? एक.

मंद्रसप्तक

@खुर्ची, तुमचं उदाहरण माझ्याच पारड्यात पडतंय. पियानो परिणाम करतो कारण सहा पर्वं तो राखून ठेवला होता.

आणि @पितळी, तुमच्या डोंगरावरच्या आगी. तिथे जी गॉन्डोरची धून पितळी वाद्यं गर्जत वाजवतात, ती पहिल्यांदा कुठे येते? पहिल्या भागात, एलरॉन्डच्या सभेत बोरोमीर बोलायला लागतो तेव्हा. वाजवतो कोण? एक हॉर्न. ठेव तिथे ठेवली, मोडली तिसऱ्या भागात. चित्रपटगृहात पाहणाऱ्यांसाठी मध्ये दोन वर्षं गेली.

तीच गोष्ट शेवटच्या गाण्याची. श्रेयनामावलीवर येणाऱ्या गाण्याची धून गँडाल्फ पिपिनला मरणापलीकडच्या पांढऱ्या किनाऱ्याबद्दल सांगतो तेव्हाच वाद्यांवर वाजून गेलेली असते. गाणं लागेपर्यंत ती ओळखीची झालेली असते, कुठे ऐकली ते मात्र आठवत नाही.

पितळी

एका हॉर्ननं ठेव ठेवली, कबूल. पण मोडताना पुन्हा एकच हॉर्न वाजला असता तर? एकावरून शंभरावर जाणं, हाच तर परिणाम आहे. शंभर नसतील तर त्या एकाला एकटेपण येणार कुठून?

शिवाय शोरनं वाद्यवृंदाची वाटणी स्वतः लिहिली आणि उभं राहून स्वतःच चालवली, बहुतांश लंडन फिलहार्मोनिकबरोबर. कोणता हॉर्न एकटा आणि कोणता गर्दीत हे लिहिणाऱ्यालाच माहीत होतं. आजकाल घाईच्या कामात पितळी विभाग एका दिवशी, तंतुवाद्यं दुसऱ्या दिवशी असं तुकड्यातुकड्यांत मुद्रित करतात, मिक्सिंगला सोयीचं म्हणून. तोटा असा की व्हायोलिनवाल्याला हॉर्न ऐकूच येत नाही. तो कानातल्या क्लिकबरोबर, म्हणजे ठेक्याच्या टकटकीबरोबर, वाजवतो, माणसांबरोबर नाही. मग सगळं अचूक, आणि सगळं सपाट.

नवशिक्या७

चर्चा भारी चाललीय, पण घरी टीव्हीवर मला एक हॉर्न आणि शंभर वादक यांत काही फरकच जाणवत नाही. कानात दोष आहे का?

पितळी

कानात नाही, सेटिंगमध्ये. टीव्ही किंवा साउंडबारवर 'नाइट मोड', 'ऑटो व्हॉल्यूम' किंवा 'डायनॅमिक रेंज' असं काही चालू असेल, ते बंद करा. ते हळू आवाज उचलतं आणि मोठा दाबतं, म्हणजे एक हॉर्न आणि पूर्ण वाद्यवृंद एकाच उंचीला आणून ठेवतं. दुसरं, फक्त दोन स्पीकर असतील तर टीव्हीला ५.१ चा (सहा स्पीकरांसाठीचा) आवाज देऊ नका, स्टिरिओ निवडा. नाहीतर कधी संवाद बुडतात, मग तुम्ही आवाज वाढवता आणि पुढच्याच लढाईला शेजारी दार वाजवतात.

माउसक्लिक

म्हणजे शंभर वादकांचा पराभव रिमोटच्या एका बटणानं. नोंद घेतली.